जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा वास का येतो?

प्रश्न:
जर्मनीतील मोझेल खोऱ्याची दहा वर्षे जुनी रीसलिंग (याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षवाणाची वाइन) नुकतीच प्रथमच चाखली. लिंबू आणि मध यांच्या जोडीने तिला रॉकेलसारखा स्पष्ट वास होता. बाटली खराब झाली होती, की हा या वाणाचाच गुण आहे? शिवाय लेबलवर ‘श्पेटलेझे’ असूनही ती फारशी गोड लागली नाही, याचेही कारण जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १:
बाटली खराब नव्हती. तो वास टीडीएन या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयुगाचा आहे. द्राक्ष पिकत असताना त्यातील कॅरोटिनॉइडांचे (पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांचे) विघटन होऊन या संयुगाची पूर्वद्रव्ये तयार होतात, आणि वाइन बाटलीत मुरत असताना तिच्या आम्लतेमुळे त्यांतून टीडीएन हळूहळू मोकळे होते. म्हणूनच कोवळ्या रीसलिंगमध्ये हा वास सहसा जाणवत नाही. घडांवर ऊन जास्त पडले की त्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे वेलीची पाने किती विरळ करायची हा निर्णय इथे फार महत्त्वाचा ठरतो.

उत्तर २:
‘श्पेटलेझे’ म्हणजे उशिराची तोडणी. हा शब्द तोडणीच्या वेळी रसात किती साखर होती हे सांगतो. बाटलीत किती उरली हे नाही. सगळी साखर आंबून तिचे अल्कोहोल होऊ दिले तर श्पेटलेझेही कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली, होते आणि तेव्हा लेबलवर बहुधा ‘ट्रोकेन’ (कोरडी) असे लिहिलेले असते. अल्कोहोलचे प्रमाण पाहावे: आठ टक्क्यांच्या आसपास असेल तर साखर बरीच उरलेली असते, बारा किंवा त्याहून अधिक असेल तर वाइन बहुधा कोरडी असते. मात्र रीसलिंगची आम्लता इतकी तीव्र असते की उरलेली साखरही जिभेला कमीच जाणवते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. बाटली पुन्हा पाहिली. अल्कोहोल साडेबारा टक्के आहे आणि ‘ट्रोकेन’ हा शब्द बारीक अक्षरांत आहे.

उत्तर ३:
पहिल्या उत्तराशी मी सहमत आहे, पण रॉकेलचा वास जितका उग्र तितकी वाइन थोर, असे मानू नये. फळाचा गंध त्याखाली दबला तर मला तो दोषच वाटतो. रीसलिंगचे खरे बळ तिच्या आम्लतेत आहे. हा वाण उशिरा पिकतो, त्याचे लाकूड कडाक्याची थंडी सोसते, आणि मोझेलच्या उभ्या चढांवरील पाटीच्या दगडाची जमीन दिवसा तापून रात्री ऊब परत देते; म्हणून एवढ्या उत्तरेलाही द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांची आम्लता टिकून राहते. उत्तम गोड रीसलिंग कित्येक दशके टिकते, ती याच आम्लतेच्या आणि साखरेच्या आधाराने.