कोलोरॅडोच्या हॉटेलात जे-१ इंटर्नशिप पक्की झाली, आता आधी काय करू?

सिडको_किचन

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोलोरॅडोतल्या एका स्की रिसॉर्टच्या शेफबरोबर व्हिडिओवर मुलाखत झाली आणि बारा महिन्यांच्या किचन इंटर्नशिपचं ऑफर लेटर आलं. त्यासाठी अमेरिकेचा जे-१ व्हिसा लागतो, कामातून शिकायला जाणाऱ्यांचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हजर व्हायचंय. घरात आनंद आहे आणि तेवढाच गोंधळ. बाबा रोज रात्री डॉलरचा भाव बघतात. मामा म्हणतो, एकदा जाऊन आलीस की दोन वर्षं पुन्हा जाता येणार नाही, तेव्हा विचार करून जा.

ज्या कन्सल्टन्सीतून झालं त्यांनी काल डीएस-७००२ नावाचा फॉर्म पाठवला. वर लिहिलंय, "संध्याकाळपर्यंत सही करून पाठव." शिवाय ओरिजनल मार्कशीट त्यांच्याकडे जमा करायला सांगतायत. हे नेहमीचं असतं का?

अजून एक. आमच्या आजोबांच्या गळ्यात माळ आहे. मी अंडी-चिकन शिकले कॉलेजात, पण तिथे बीफ हाताळावं लागेल का? शेफला विचारलं तर ऑफर जाईल अशी भीती वाटते.

सुरुवात कुठून करू तेवढं सांगा. बॅगा कशा भरायच्या ते विचारत नाहीये, ते खातं आईने ताब्यात घेतलंय.

द्वारका_सर्कल

अभिनंदन! मामा बरोबर सांगतोय, जे-१ ला दोन वर्षांची अट असते, माझ्या मित्राला लागली होती. बाकी टेन्शन घेऊ नको, एजंट सगळं करतो. छोटा राइस कुकर आणि पाच किलो इंद्रायणी घेऊन जा. तिथला तांदूळ आपल्याला चालत नाही.

पाववाली_गंगापूररोड

अभिनंदन गं! मीही नाशिकमधूनच गेले होते, कोलोरॅडोतच, डोंगरातल्या एका रिसॉर्टच्या पेस्ट्री विभागात. आता गंगापूर रोडला माझी छोटी बेकरी आहे. पहाटेचे पाव भट्टीत गेले की लिहायला वेळ मिळतो. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बस.

आज त्या ७००२ वर सही करू नकोस. बाकी सगळं त्याच्यानंतर. ऑफर लेटरमध्ये पगार आणि तारीख असते. वर्षभर तुला कुठे उभं करणार, ते मात्र ७००२ मध्ये असतं: कोणता विभाग, किती दिवस, कोणाच्या हाताखाली, काय शिकवणार, शिकलीस की नाही ते कसं तपासणार. त्यावर तुझी, हॉटेलची आणि स्पॉन्सरची सही असते. उद्या तुला वर्षभर ब्रेकफास्टच्या काउंटरवर ऑम्लेटं घालायला ठेवलं, तर दाखवायला तुझ्या हातात हाच कागद. अमेरिकी सरकारचा नियम आहे की हॉटेल क्षेत्रातली इंटर्नशिप सहा महिने किंवा जास्तीची असेल तर किमान तीन विभागांत फिरवलंच पाहिजे. आठवड्याला किमान ३२ तास मिळाले पाहिजेत आणि कारकुनी काम २० टक्क्यांच्या वर नको. तुझ्या फॉर्मवर तीन टप्पे आहेत का बघ, आणि नुसती शीर्षकं नको, खालचा मजकूर वाच. माझ्याबरोबरच्या एका मुलीच्या फॉर्मवर तीन विभागांची नावं वेगळी आणि खालची वाक्यं शब्दन् शब्द तीच होती. तिने सरळ विचारलं, शेफने नीट लिहून दिलं. हॉटेलवाल्यांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. येतो तो एजंटला, कारण त्याला फाइल पुढे सरकवायची असते.

मार्कशीट अजिबात देऊ नकोस. स्कॅन पुरतात. ओरिजनल बाबांच्या कपाटात चांगल्या आहेत. इथे कोण कोण आहे ते एकदा नीट समजून घे. हॉटेल म्हणजे होस्ट. डीएस-२०१९ (ज्याच्यावर जे-१ व्हिसाचा अर्ज करता येतो तो कागद) देणारी आणि वर्षभर तुझी जबाबदारी घेणारी संस्था म्हणजे स्पॉन्सर. मान्यताप्राप्त स्पॉन्सरची यादी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या जे-१ च्या वेबसाइटवर आहे, तिथे तुझ्या स्पॉन्सरचं नाव शोध. आपल्याकडची कन्सल्टन्सी फक्त मध्यस्थ. ते जी रक्कम मागतील तिची फोड लेखी माग, स्पॉन्सरची किती, विम्याची किती, त्यांची स्वतःची किती. मग स्पॉन्सरच्या वेबसाइटवर जो ईमेल आहे त्यावर तू स्वतः लिहून आकडा पडताळ. एजंटने दिलेल्या ईमेलवर नाही.

मोठ्या सरकारी फिया: सेव्हिसची (परदेशी विद्यार्थी-इंटर्नची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेची) २२० डॉलर आणि व्हिसा अर्जाची १८५. भरायच्या दिवशी अधिकृत साइटवर आकडा परत बघ, कारण त्या बदलतात. क्रम असा की ७००२ पक्का झाला की डीएस-२०१९ येतो, त्यावर एन अक्षराने सुरू होणारा सेव्हिस नंबर असतो, तो घेऊन सेव्हिस फी, मग डीएस-१६० म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, मग अपॉइंटमेंट. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी हँडल लिहावी लागतात, आणि जून २०२५ पासून जे व्हिसावाल्यांना खाती पब्लिक ठेवायला सांगतात. कॉलेज फेस्टचं बंद पडलेलं अकाउंटसुद्धा आठवून लिही.

मुंबईत दोन कामं, दोन्ही बीकेसीत. आधी बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर वकिलातीत मुलाखत. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून दुपारची वेळ गाठता येते असं सगळे सांगतील. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात गाडी थांबली की त्या सांगणाऱ्यांचा काही उपयोग नसतो. आदल्या रात्री दादरला नाहीतर ठाण्याला कुणाकडे तरी राहा. वकिलातीत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून बरोबर कोणीतरी हवं, फोन धरून बाहेर थांबायला. माझ्या बाबांनी सातबारा, सीएचं सर्टिफिकेट, एफडीच्या पावत्या, अशी जाडजूड फाइल बनवून दिली होती. साहेबांनी ती उघडलीच नाही. कोणतं हॉटेल, तिथे काय शिकणार, परत येऊन काय करणार, एवढंच. तिसऱ्याचं उत्तर पाठ केलेलं नको. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनऱ्यांची रेस्टॉरंटं आहेत, तिथे चांगल्या शेफची गरज आहे, मला तिथे काम करायचंय, असं मी सांगितलं होतं. ते खरंही होतं, म्हणून सुचलं. तुझं खरं काय आहे ते बघ.

द्वारका_सर्कल दादा, ती दोन वर्षांची अट कोणत्या देशातल्या कोणत्या कौशल्यांना लागते, ते अमेरिकेच्या एका सरकारी यादीवर अवलंबून असते. ९ डिसेंबर २०२४ पासून नवी यादी लागू झाली, तीत भारत नाही. सरकारी पैशावर जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तरी डीएस-२०१९ आणि व्हिसावर काय शेरा आहे तो वाच आणि स्पॉन्सरला विचार, म्हणजे मामांनाही दाखवता येईल. आणि तांदूळ नेऊ नकोस, दादांनी प्रेमाने सांगितलंय तरी. प्रवाशाच्या सामानातून भारतातला तांदूळ तिथे नेऊच देत नाहीत, खापरा भुंगेरा या धान्यातल्या किडीच्या भीतीने. बाकी खाण्याचं जे काही नेशील ते कस्टमच्या प्रश्नात 'हो' म्हणून सांग. सांगितलेल्या चिवड्याने काही होत नाही, न सांगितलेल्या गोष्टीला दंड बसतो. राइस कुकरही इथला नको, तिथे वीज १२० व्होल्टची.

प्रेशर कुकर मात्र छोटासा ने. ही चैन नाही. त्या स्की गावांची उंची साधारण अडीच हजार मीटर, नाशिकची जेमतेम सहाशे. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. माझे पहिले केक फुगून फुगून मधोमध बसायचे, बेकिंग पावडर कमी आणि पाणी थोडं जास्त करायला शेफने शिकवलं. हे मला नाशिकमध्ये कोणत्याही वर्गात कळलं नसतं. पहिला आठवडा डोकं दुखेल, नाकातून थोडं रक्त येईल, पाणी पीत राहा आणि घाबरून घरी फोन करू नकोस.

आता बीफ. आत्ताच विचार, ७००२ वर सही करायच्या आधी. हॉट लाइनवर, म्हणजे गरम पदार्थ बनवणाऱ्या विभागात, गेलीस तर बीफ टाळणं जवळपास अशक्य आहे, कारण डोंगरातल्या अमेरिकन रिसॉर्टमध्ये स्टेक आणि बर्गरच जास्त चालतात. पण मग तीनपैकी एक टप्पा पेस्ट्री, एक गार्ड मांजे (सॅलडसारखे थंड पदार्थ), एक बँक्वेटच्या भाज्या-सॉस असा मागता येतो. शेफला लिहिताना "मी करणार नाही" असं न लिहिता, काय हाताळेन, काय चाखणार नाही आणि त्याऐवजी काय शिकायचंय ते लिही. मांस न चाखणाऱ्या मुली तिथे होत्या, सॉसची चव दुसरं कुणी बघायचं. एखादा शेफ नाही म्हणेलही. पण ते इथे बसून कळलेलं बरं.

दातांचं सगळं काम इथेच उरकून घे. जे-१ ला विमा सक्तीचा आहे, दर आजारामागे किमान एक लाख डॉलरचा, पण त्यात दात आणि जुनी दुखणी सहसा नसतात. चष्मा असेल तर दुसरा करून घे.

सिडको_किचन

ताई, काय लिहू! फॉर्म उघडून वाचला. तीन टप्पे आहेत. पहिला "ब्रेकफास्ट कुक", दुसरा "ब्रेकफास्ट अँड बँक्वेट", तिसरा "ब्रेकफास्ट प्रेप". कन्सल्टन्सीला फोन केला तर म्हणाले, सगळ्यांचं असंच असतं, तिथे गेल्यावर बदलून मिळतं. खरंच मिळतं का?

पिंपळगाव_बागाईतदार

ताई, मुलीच्या बाबांच्या वतीने विचारतो, माझाही मुलगा पुढच्या वर्षी जाणार आहे. सोबत रोख किती द्यायचे? आणि पगारातून किती कापतात? एजंट म्हणतो, पहिल्या महिन्यापासून मुलगा घरी पैसे पाठवेल.

पाववाली_गंगापूररोड

काका, पहिल्या महिन्यापासून नाही. पगार पंधरा दिवसांनी, सोशल सिक्युरिटी नंबर (तिथे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) यायला वेळ, बँक खातं त्यानंतर. नंबर येईपर्यंतही काम करता येतं आणि पगार मिळतो, पण सुरुवातीचा काळ खिशातूनच जातो. माझ्या मते हजार ते दीड हजार डॉलर द्या, थोडे रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डवर. कोलोरॅडोचं किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १४.८१ डॉलर होतं, तुमच्या मुलाचं राज्य वेगळं असलं तर आकडा वेगळा. कर कापतात, आणि हॉटेलची खोली असेल तर तिचं भाडंही पगारातूनच जातं, ते ऑफर लेटरमध्ये बघून घ्या. मात्र सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर नावाची जी कपात असते, शंभर डॉलरला ७.६५ ची, ती जे-१ इंटर्नला सुरुवातीच्या वर्षांत लागत नाही. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर ती दिसली तर मुलाने लगेच एचआरला सांगायचं, चुकून कापलेले पैसे परत मिळतात. द्राक्षाचा हिशोब ठेवता तसाच चिठ्ठ्यांचा ठेवायला सांगा.

सिडको_किचन, तिथे गेल्यावर बदलून मिळतं हे अर्धंच खरं. बदल झाला तर तोही लेखी हवा आणि स्पॉन्सरची मान्यता हवी, आणि नोव्हेंबरात हंगाम सुरू झाल्यावर कुठल्याही शेफला कागद करायला फुरसत नसते. आत्ता सप्टेंबर आहे, आत्ता मिळते. आज शेफला आणि स्पॉन्सरला एकाच ईमेलमध्ये लिही, कन्सल्टन्सीला प्रत ठेव. ऑफरबद्दल आभार, फॉर्म वाचला, तिन्ही टप्प्यांत ब्रेकफास्ट दिसतो, नियमाप्रमाणे तीन वेगळे विभाग असावेत असं कळलं, मला पेस्ट्री आणि गार्ड मांजे शिकायचंय, असा बदल होऊ शकेल का. त्याच पत्रात बीफचंही लिहून टाक, दोन वाक्यांत. पाच-सहा ओळींच्या वर नको. आजोबांची माळ वगैरे सांगू नकोस, ते घरचं आहे.

उत्तर आलं की इथे टाक. तिसऱ्या टप्प्यात पेस्ट्री मिळाली तर एकदा दुपारी बेकरीत ये, उंचीवरच्या केकची माझी वही देते, फोटो काढून घे.