भंगारातल्या वस्तू जोडल्या की शिल्प होतं का?

दांडियाबाजारकर:
परवा बडोद्यात एका प्रदर्शनात लोखंडी पत्र्यावर बसवलेला अडकित्ता, दारांचे जुने कोयंडे आणि पितळी तपेल्याचा फुटका काठ पाहिला. शिल्पाचं नाव ‘आठवण’. कुणाची, कशाची, पत्ता नाही. अडकित्ता बघून मला आजी आठवली, पण ते श्रेय अडकित्त्याचं. शिल्पकाराने काय केलं? शिल्पकार नागजी पटेलांचे फतेहगंजमधले दगडी वड आठवा. तेही हुबेहूब नव्हते, तरी शहराने लगेच आपले मानले. उड्डाणपुलासाठी ते काढले तेव्हा जिवाला लागलं.

कोठीवाला:
‘नुसतं जोडलं’ म्हणणं सोपं आहे. पितळ आणि लोखंड साध्या वेल्डिंगने धड जुळत नाहीत. पितळेतल्या जस्ताची ९०७ अंश सेल्सियसलाच वाफ होते. मग ब्रेझिंग करा, म्हणजे कमी उष्णतेला वितळणारा धातू मध्ये भरून जोडा, नाहीतर रिव्हेट ठोका. त्या शिल्पात रिव्हेट मुद्दाम दिसू दिलेत. अडकित्त्याची पाती उघडी ठेवून तो उभा केलाय, म्हणून सुपारीची रिकामी जागा आधी नजरेत भरते. हे कुणीतरी ठरवलंय ना? पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. कोन चुकला असता तर ती सायकलच राहिली असती. आपल्या बडोद्याच्या राघव कनेरियांनीही साठच्या दशकात भंगारातल्या लोखंडाची शिल्पं केली.

दांडियाबाजारकर:
पिकासोचा बैल दिसतो तरी!

रावपुऱ्याची सून:
दिसायलाच हवं का? आमच्या कुलदेवीचा तांदळा आहे. न घडवलेला दगड, वर शेंदूर, चांदीचे डोळे. नाक-तोंड कुठंय म्हणून कुणी विचारत नाही.

दांडियाबाजारकर:
वहिनी, त्या दगडामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे नवस आहेत. एकट्याच्या खासगी खुणेला तेवढं वजन आपोआप कसं येईल? निदान शेजारी चिठ्ठी लावा.

कोठीवाला:
चिठ्ठी अजिबात नको. ‘माझ्या आजोबांचा अडकित्ता’ असं लिहिलं की तुमच्या आजीला तिथे जागाच उरत नाही.

रावपुऱ्याची सून:
वस्तू कुणाची ते नका लिहू, कुठली ते लिहा. कोयंडे पाडलेल्या वाड्यांचे असतील तर ते मला कळायला हवं. आमच्या गल्लीतले वाडे असेच गेले.

दांडियाबाजारकर:
एवढं मान्य. पण पत्रा कशासाठी, ते कुणीच सांगितलं नाही. अडकित्ता बोलतो, कोयंडे बोलतात. पत्रा कोरा करकरीत, बाजारातून आणलेला, आणि निम्मं शिल्प त्यानेच व्यापलंय.