मिळकतकराची अभय योजना: वेळेवर भरणारा वेडा ठरतो का?

कोथरूडचा_बापू (धागाकर्ता)

पुणे महापालिकेने नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा एकदा अभय योजना आणली. थकलेला मिळकतकर एकरकमी भरा, त्यावर चढलेल्या शास्तीतले (उशिराच्या दंडातले) 75 टक्के माफ. याआधी 2015-16, 2016-17, 2020-21 आणि 2021-22 मध्येही ती येऊन गेली आहे. इतक्या नेमाने येणारी गोष्ट आता पंचांगात छापायला हरकत नाही.

हिशेब मांडतो, चुकला तर सांगा. शास्ती दरमहा 2 टक्के. एक लाख रुपये पाच वर्षं थकवले तर सरळ व्याजाने शास्ती होते 1 लाख 20 हजार. त्यातले 75 टक्के गेले, उरले 30 हजार. पाच वर्षांचे 30 हजार म्हणजे वर्षाला 6 टक्के. एवढ्या व्याजात पाच वर्षं विनातारण कर्ज कोण देतं हो? सोनं गहाण टाकलं तरी बँक याहून जास्त घेते. पीपीएफवर सरकार मला 7.1 टक्के देतं. म्हणजे कराचे पैसे पीपीएफमध्ये टाकून बसलो असतो तर शास्ती भरूनही चार पैसे हातात राहिले असते.

दुसरीकडे आम्ही. बिल आलं की पहिल्या मुदतीत भरायचं, आणि त्याबद्दल मिळणारी 5-10 टक्क्यांची सूट पूर्ण बिलावर नसते, फक्त सर्वसाधारण करावर असते. बिल उलगडून बघा: सर्वसाधारण कर, सफाई कर, जललाभ कर, मलप्रवाह सुविधा लाभ कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, शिवाय राज्याचा शिक्षण कर. यातल्या एकाच ओळीवर सूट.

माझं म्हणणं: शास्ती माफ करणं कायमचं बंद करा. 2 टक्के जाचक वाटत असतील तर सगळ्यांसाठीच 1 टक्का करा. पण मग त्यातली दमडीही सोडू नका.

सदाशिव_हौद

+1. पाच वर्षांनी "या, बसा, चहा घ्या" म्हणणारा सावकार जगात एकच, आपली महापालिका.

धायरीकडचा

बापू, हिशेब बरोबर आहे, पण तो कोथरूडचा आहे. थकबाकीदार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लक्ष्मी रस्त्यावरचा दुकानदार येतो. समाविष्ट गावांचं काय?

2017 मध्ये 11 गावं घेतली, 2021 मध्ये आणखी 23. कर टप्प्याटप्प्याने शहराच्या पातळीवर चढवला, सोयी मात्र त्या गतीने चढल्या नाहीत. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं की नांदेड, किरकटवाडी भागात विहिरीचं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन टाकून घरोघरी पोचत होतं. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर. बिलात जललाभ कराची ओळ असलेल्या माणसाने टँकरचेही पैसे द्यायचे, आणि रागाने कर अडवला की त्याच्यावर वर्षाला 24 टक्क्यांनी शास्ती.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर इतकी वैतागली की शेवटी हद्दीतून बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा उरावर घेतला त्यांना तुम्ही "कर बुडवे" म्हणणार का?

कोथरूडचा_बापू

पाणी नाही तर जललाभ कर लावू नका, मी तुमच्याबरोबर सही करायला येतो. पण अभय योजनेत कुठे लिहिलंय की पाणी न मिळालेल्यांनाच माफी? जंगली महाराज रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला आणि नांदेडच्या दोन खोल्यांना एकच 75 टक्के. तुमचं दुःख पुढे करून भलताच माणूस आपली सुटका करून घेतोय, हे तुम्हाला खटकत नाही?

धायरीकडचा

खटकतं. पण माझ्याकडे दुसरं दार उघडं आहे का? कर कमी करण्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, अभय योजनेचा अर्ज महिन्यात निकाली निघतो. लोक उघड्या दारानेच जाणार.

हिशेबनीस

महापालिकेचा निवृत्त लेखापाल आहे (पुण्याच्या नव्हे), म्हणून जरा लांबण लावतो.

महापालिकेच्या हातात स्वतःचं असं उत्पन्न उरलंय किती ते आधी बघा. जकात होती तोवर ट्रक नाक्यावर थांबला की पैसे रोख जमा. पुण्यात 1 एप्रिल 2013 ला जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाली, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि तेव्हापासून राज्याच्या अनुदानाकडे डोळे. उरले दोन मोठे झरे: बांधकाम परवानगीचं शुल्क आणि मिळकतकर. बांधकामाचा बाजार बसला की पहिला आटतो. म्हणून मार्च जवळ आला की आयुक्त कुणीही असो, त्याला मिळकतकराची आठवण येते. थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायची वेळ येते ती यामुळेच.

आता थकबाकीचा आकडा. तो सगळा वसूल होण्यासारखा पैसा नसतो. दुबार आकारणी असते: एकाच मिळकतीला दोन क्रमांक, मालक एकावर भरतो, दुसऱ्यावर शास्ती फुगत राहते. पाडलेल्या इमारती असतात. मोबाइल टॉवर असतात. टॉवरवर कर लावता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं, तरी आकारणीवरून कज्जे चालूच. शिवाय दरमहा 2 टक्क्यांनी 50 महिन्यांत शास्ती मुद्दलाइतकी होते. त्यानंतर कागदावर वाढतो तो आकडाच, तिजोरीत काही येत नाही. मग बजेटमध्ये "अपेक्षित जमा" म्हणून तो धरायचा, त्याच्या भरवशावर कामं मंजूर करायची आणि ठेकेदारांची बिलं तुंबवायची. त्यापेक्षा चतुर्थांश शास्ती घेऊन मुद्दल पदरात पाडून घेणं वाईट नाही. बँकाही एकरकमी तडजोड करतातच की.

कोथरूडचा_बापू

बँकेचं उदाहरण दिलंत ते बरं झालं. बँकेशी तडजोड केलेल्या माणसाचा सिबिल बिघडतो, पुढची काही वर्षं त्याला कुणी दारात उभं करत नाही. महापालिकेशी तडजोड केलेल्याचं काय बिघडतं? दुसऱ्या दिवशी तो बांधकाम परवानगी मागायला जाऊ शकतो, जत्रेच्या मांडवाचा परवानाही काढू शकतो.

आणि दुबार आकारणी, पाडलेली घरं हे तुमचेच लोक निस्तरू शकतात. त्यासाठी पाहणी करून रेकॉर्ड दुरुस्त करायचं असतं, शास्ती माफ करून ते कसं होणार? चुकीचं बिल 25 टक्के शास्तीसकट भरलं तरी चुकीचंच राहतं.

हिशेबनीस

शेवटचं वाक्य मान्य. बाकी एक राहिलं: आधीच्या योजनांचा लाभ घेतलेल्यांना या वेळी वगळलं होतं. म्हणजे सराईत थकबाकीदाराला दार बंद.

कोथरूडचा_बापू

त्याला बंद, पण त्याच्या शेजाऱ्याला उघडं. शेजारी त्याच्याकडूनच शिकलाय.

भाडेकरू_क्र_3

मालक मंडळींचं भांडण मजेत वाचतोय. बापू, स्वतः राहता ना घरात? मग करपात्र रकमेत 40 टक्के सवलत घेत असाल. 1970 पासून चालत आलेली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, 2019 पासून सवलत गेली, तेव्हा सगळं शहर पेटलं, आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने ती परत चालू केली, वर मधल्या फरकाची वसुलीही सोडून दिली. ती माफी नव्हती का? तेव्हा कुणी म्हणालं नाही की आकारणी झाली ती झाली, दमडी सोडू नका.

मी ज्या घरात भाड्याने राहतो त्याला ही सवलत नाही. मालक जादा कर भाड्यात घालून माझ्याकडून घेतो. माझ्या नावाने बिल नाही, म्हणून मी "करदाता" नाही, आणि अशा चर्चेत माझी जागा कोपऱ्यात.

सदाशिव_हौद

हे मात्र जिव्हारी लागलं.

कोथरूडचा_बापू

दोन्हींत फरक आहे. 40 टक्के हा आधी जाहीर केलेला दर आहे, पात्र असेल त्या प्रत्येकाला लागू. त्यासाठी पीटी-3 अर्ज भरा, 25 रुपये द्या, स्वतः राहतो याचं सोसायटीचं पत्र जोडा, मतदार ओळखपत्र नाहीतर गॅस कार्ड दाखवा. अभय हे नियम मोडल्यानंतरचं बक्षीस आहे.

भाडेकरूंना तो दर मिळत नाही हा अन्याय आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. पण त्याने अभय योजना योग्य ठरत नाही.

भाडेकरू_क्र_3

"वेगळा धागा काढा" हे आम्हाला नेहमीच ऐकावं लागतं.

दादरची_चिमणी

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफच आहे. शास्तीचा प्रश्नच मिटला :) तुम्ही पुणेकर 2 टक्क्यांवर भांडत बसा.

हिशेबनीस

मुंबई महापालिकेच्या ठेवी पुण्याकडे असत्या तर आम्हीही असे हसरे चेहरे टाकले असते.

पिंपरीचा_पंप

आमच्याकडची, पिंपरी-चिंचवडची गोष्ट ऐका. अनधिकृत बांधकामांना कराच्या दुप्पट शास्तीकर होता, महापालिका कायद्याच्या कलम 267 अ खाली. अर्धा-एक गुंठा घेऊन बांधलेल्या कामगारांच्या घरांवर कर राहिला बाजूला, शास्तीच डोंगराएवढी. परिणाम काय झाला? लोकांनी मूळ करही भरणं सोडलं. 2023 मध्ये सरकारने शास्तीकर माफ केला. त्याच सुमारास पालिकेने महिला बचत गटांना बिलं वाटायचं काम दिलं, ताई दारात येऊन बिल हातात देतात, मोबाइल नंबर टिपून घेतात. वसुली सुधारली ती या दोन्हींनी मिळून, असं माझं मत. न भरता येणारा दंड लावला की माणूस भरता येणारा करही भरत नाही.

म्हणून बापूंचा "कधीच माफी नाही" हा बाणा मला पटत नाही. आणि सरसकट 75 टक्केही नाही. घर आणि दुकान वेगळं करा.

सदाशिव_हौद

पण त्या अनधिकृत घरांशेजारी परवानगी घेऊन, शुल्क भरून, मोकळी जागा सोडून बांधणाराही राहतो. त्याला काय मिळालं?

पिंपरीचा_पंप

त्याला कर्ज मिळालं, सातबारा-खरेदीखत साफ मिळालं, रात्रीची झोप मिळाली. सगळंच बिलात मोजता येत नाही.

कोथरूडचा_बापू

पंप यांचं घर-दुकान वेगळं करणं मला अर्धं मान्य. स्वतः राहत असलेल्या लहान घराला शास्तीत सूट, तीही एकदाच, आणि पुढची तीन वर्षं वेळेवर भरलं तरच कायम. चुकला की माफ केलेली रक्कम परत बिलात. दुकानं, हॉटेलं, कार्यालयं, मोकळे भूखंड यांना शून्य. आणि लाभ घेतलेल्या बिगरनिवासी मिळकतींची यादी रकमेसकट संकेतस्थळावर टाका.

धायरीकडचा

यात पाण्याची अट कुठे गेली? जिथे पालिकेचं शुद्ध केलेलं पाणी पोचलं नाही तिथे जललाभ कर आणि त्यावरची शास्ती पूर्ण रद्द, अर्ज न करता. तेवढं घाला, मग मीही सही करतो.

हिशेबनीस

दोघांनाही आठवण करून देतो: मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते. स्थायी समितीपुढे प्रस्ताव मांडणारा प्रशासक आणि तो मंजूर करणाराही प्रशासकच. 2025 ची अभय योजना त्याच काळातली, तिच्यावर सभागृहात एक शब्द बोलला गेला नाही. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर आता स्थायी समितीचे 16 सदस्य आहेत. तुमचा मसुदा आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना लेखी द्या आणि पोच घ्या. पुढची अभय योजना आली तर ठरावावर नावानिशी मतदान मागा.

कोथरूडचा_बापू

मसुदा मी लिहितो. पाण्याची अट घालतो, पण "अर्ज न करता" हे चालणार नाही. पाणी पोचलं की नाही हे ठरवणार कोण?

धायरीकडचा

टँकरच्या पावत्या ठरवतील. सोसायट्यांकडे ढिगाने आहेत, किती वर्षांच्या पाठवू?

भाडेकरू_क्र_3

आणि भाड्याच्या घराच्या 40 टक्क्यांचं कलम मसुद्यात येणार, की वेगळा धागा?