जेम-फाइव्हमध्ये ओ-थ्री प्रोसेसरवर लिनक्सचे बूट अडकते

प्रश्न: जेम-फाइव्ह या संगणकाचे अनुकरण करणाऱ्या सिम्युलेटरमध्ये, फुल सिस्टिम (संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या) पद्धतीत एक्स-८६ लिनक्स चालवत आहे. ॲटॉमिक (साधे, वेगवान) प्रोसेसर मॉडेल निवडल्यास लॉगिन येते. ओ-थ्री (तपशीलवार) मॉडेल निवडल्यास मात्र रात्रभर थांबूनही टर्मिनल जवळजवळ हलत नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) खरोखरच अडकले आहे की केवळ मंद आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर १: आउटपुट फोल्डरमधील टर्मिनलच्या फाइलमध्ये कर्नलच्या ओळींआधी छापलेली वेळ पाहावी, ती रेंगाळत का होईना वाढत असेल, तर बिघाड नाही. ओ-थ्री पाइपलाइनची प्रत्येक पायरी चक्रागणिक मांडतो, म्हणून बूटचे अब्जावधी आदेश त्याच्यावर चालवणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. ॲटॉमिकवर बूट करून चेकपॉइंट (त्या क्षणीच्या स्थितीची जतन केलेली प्रत) घ्यावा आणि तेथून ओ-थ्रीवर पुढे जावे. यजमान संगणकही (ज्यावर सिम्युलेटर चालतो तो) एक्स-८६ लिनक्सचा असेल, तर आदेश थेट त्याच्या खऱ्या प्रोसेसरवर चालवणारे केव्हीएम कितीतरी वेगवान ठरते.

उत्तर २: वरील सल्ला योग्यच आहे; मात्र क्लासिक कॅशमधील (जेम-फाइव्हच्या जलद तात्पुरत्या स्मृतीच्या साध्या मॉडेलमधील) मजकूर चेकपॉइंटमध्ये जतन होत नसल्याने, मोजणीपूर्वी काही काळ प्रोग्राम चालवून कॅश भरू द्यावी आणि मगच आकडेवारी शून्यावर आणावी, अन्यथा कॅश-मिस (हवी ती माहिती कॅशमध्ये न सापडण्याचे प्रसंग) फुगलेले दिसतील.

प्रश्नकर्ता: वेळ वाढत आहे, म्हणजे कर्नल मंदच आहे. केव्हीएमवर बूट करून पाहतो.