मदत हवी आहे: एसएनआय उंदरांत सीपीपी दिसतच नाही, मग एसीसीबद्दल काही म्हणता येईल का?

सायनॅप्स

नमस्कार. जुनाट वेदनेत जो त्रास असतो, जे नकोसं वाटणं असतं, ते अँटीरियर सिंग्युलेट कॉर्टेक्सवर, म्हणजे एसीसीवर, किती अवलंबून आहे हे तपासायचं आहे. मांडणी अशी:

– सी५७ब्लॅक/६ नर उंदीर. स्पेअर्ड नर्व्ह इंजरी (एसएनआय: पायाच्या दोन नसा कापून एक शाबूत ठेवणं) आणि शॅम (तशीच शस्त्रक्रिया, पण नसा न कापता) असे दोन गट.
– दोन्ही बाजूंच्या एसीसीत एचएम४डीआयचा (चेतापेशी शांत करणारं कृत्रिम ग्राही प्रथिन) एएव्ही (जनुक पेशीत पोहोचवणारा व्हायरस), कंट्रोलमध्ये फक्त फ्लुओरेसंट प्रथिनाचा एएव्ही. चाचण्या ३ आठवड्यांनंतर.
– व्हॉन फ्राय (वेगवेगळ्या जोराचे तंतू पंजाला टेकवून तो मागे घेतला जातो का ते पाहणं), अप-डाउन पद्धत, फिलामेंट ०.०२ ते १.४ ग्रॅम.
– सीपीपी (कंडिशन्ड प्लेस प्रेफरन्स: औषध जिथे मिळालं त्या कप्प्याची ओढ लागते का ते पाहणं) तीन कप्प्यांत. सकाळी गॅबापेंटिन १०० मिग्रॅ/किग्रॅ पोटात आणि लगेच ३० मिनिटं जाळीच्या फरशीच्या कप्प्यात. दुपारी सलाइन, गुळगुळीत फरशीच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी औषधाविना १५ मिनिटांची चाचणी. सीएनओ (एचएम४डीआयला चालू करणारं औषध) दोन्ही सत्रांच्या अर्धा तास आधी.

एसएनआय गटाचा थ्रेशोल्ड (पंजा मागे घ्यायला लागणारा किमान जोर) व्यवस्थित उतरतो, आणि सीएनओ दिल्यावरही तो तसाच राहतो. सीपीपी मात्र कुठल्याच गटात नाही, कंट्रोल व्हायरसच्या एसएनआय उंदरांतही नाही. यावरून एसीसीची भूमिका नाही असं म्हणावं का, की चाचणीतच काही अडतंय?

मज्जारज्जू

चाचणीतच अडतंय. एसीसी शाबूत असलेल्या एसएनआय उंदरांत प्राधान्य दिसायलाच हवं होतं. ते नाही, म्हणजे पॉझिटिव्ह कंट्रोलच नाही. तोवर एचएम४डीआय गटाचा शून्य निकाल कुठल्याच बाजूला धरता येत नाही.

सीपीपी मुळात का चालते ते आधी पाहू. निरोगी प्राण्याला ज्या औषधाची गोडी नसते, तेच औषध सतत दुखत असलेल्या प्राण्याला सुटका देतं, आणि सुटका जिथे झाली ती जागा त्याला हवीशी वाटू लागते. २००९ मध्ये किंग, पोरेका आणि सहकाऱ्यांनी नसेला इजा केलेल्या रॅट्समध्ये (तुमच्या उंदरांहून मोठी जात) मज्जारज्जूत क्लोनिडीन देऊन हेच दाखवलं. शॅम रॅट्सना त्या कप्प्याची ओढ लागली नाही. म्हणजे सुटकेचा क्षण आणि कप्पा एकत्र यायला हवेत. तुमच्या मांडणीत तीन ठिकाणी हे तुटतंय.

पहिलं, वेळ. पोटात दिलेलं गॅबापेंटिन हळू चढतं. इंजेक्शननंतर लगेच ३० मिनिटं कप्प्यात ठेवलं, तर आराम पडायला लागेपर्यंत सत्र संपत आलेलं असतं. खरी सुटका उंदराला त्याच्या घरच्या पिंजऱ्यात मिळते आणि जोडी तिथे जुळते. शिवाय १०० मिग्रॅ/किग्रॅला गुंगी येऊ शकते. गुंगीतला उंदीर कप्पा नीट हुंगत-पाहत नाही, मग लक्षात काय ठेवणार?

दुसरं, क्रम. औषध सकाळी आणि सलाइन दुपारी, हे उलट करा. औषधाचा अंमल दुपारपर्यंत रेंगाळला तर सलाइनच्या कप्प्यातही आराम मिळतो आणि दोन कप्प्यांतला फरकच पुसला जातो. सलाइन सकाळी, मध्ये निदान ४ तास, मग औषध. इथे क्रमाची अदलाबदल करून संतुलन साधायचा मोह टाळावा. संतुलन कप्प्यांचं करायचं, क्रमाचं नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: फरशी. स्पर्शही सहन न होणारा पंजा जाळीवर टेकवायला लागणं ही स्वतःच एक शिक्षा आहे. तुम्ही सगळ्यांना औषध जाळीच्याच कप्प्यात दिलंत, म्हणजे औषध ओढतंय आणि जाळी ढकलतेय. शॅमला जाळीचं काही वाटत नाही, त्यामुळे हा दोष नेमका एसएनआय गटातच बसतो. उंदीर स्पर्शावर बराच विसंबून असतो, तेव्हा पोत पूर्ण काढू नका. पंजाच्या बाहेरच्या कडेला टोचणार नाहीत असे दोन सौम्य पोत घ्या, भिंतींवर वेगळे नक्षीपट्टे लावा. कंडिशनिंगआधी सलग ३ दिवस सगळे कप्पे मोकळे ठेवून फिरू द्या आणि तिसऱ्या दिवशी १५ मिनिटं मोजा. ९०० सेकंदांपैकी ७२०च्या वर एकाच कप्प्यात बसणारा उंदीर वगळा. हा निकष आधीच लिहून ठेवा, निकाल पाहून ठरवू नका. मग प्रत्येक गटात अर्ध्यांना औषध एका कप्प्यात, अर्ध्यांना दुसऱ्यात.

सायनॅप्स

फरशीचा मुद्दा फार मोलाचा, धन्यवाद. गॅबापेंटिनऐवजी लवकर चढणारं काय घ्यावं? गुडघ्यामागे लिडोकेनचा ब्लॉक सोपा वाटतो.

मज्जारज्जू

पंजाला चीर दिलेल्या मॉडेलमध्ये तो ब्लॉक शोभतो, एसएनआयमध्ये नाही. एसएनआयमध्ये टिबियल आणि कॉमन पेरोनियल नसा कापलेल्या असतात. आपसूक संकेत निघतात ते कापलेल्या टोकाच्या गाठीतून आणि डॉर्सल रूट गँग्लियनमधून (मज्जारज्जूजवळचा संवेदी पेशींचा पुंजका). ब्लॉक त्या टोकाच्या पलीकडे, पंजाच्या बाजूला पडला, तर मज्जारज्जूकडे जाणारी वाट मोकळीच राहते.

इंट्राथेकल (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दिलेलं) क्लोनिडीन घ्या. हिल्डन आणि विलकॉक्स यांची १९८० ची पद्धत: एल५ आणि एल६ मणक्यांच्या मधून ३० गेजची सुई, ५ मायक्रोलीटर. सुई योग्य जागी शिरली की शेपटी झटकन हलते. ती हलली नाही तर त्या उंदराची नोंद करून ठेवा. रॅटच्या शोधनिबंधातला डोस उचलून उंदराला देऊ नका. क्लोनिडीन गुंगी आणतं, रक्तदाब उतरवतं. आधी छोट्या गटात डोस चढवत न्या; थ्रेशोल्ड वर येतो पण कप्प्यांमधली ये-जा मंदावत नाही आणि शॅमला ओढ लागत नाही, तो डोस तुमचा. आयसोफ्लुरेनची भूल वापरणार असाल तर सलाइनच्या सत्रालाही तेवढंच, आणि शुद्धीवर यायला सारखाच वेळ.

चेतातंतू

सीएनओबद्दल. २०१७ मध्ये गोमेझ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सीएनओचं शरीरात क्लोझापीन होतं आणि मेंदूत पोहोचून काम करतं ते मुख्यतः क्लोझापीनच. म्हणून कंट्रोल व्हायरस + सीएनओ हा गट हवाच, तो तुमच्याकडे आहे. व्हायरस + व्हेइकल (सीएनओविना नुसता द्रव) हाही जोडा.

यापेक्षा अवघड प्रश्न: एसीसी कंडिशनिंगच्या वेळी शांत केलं आणि प्राधान्य गेलं, तर वेदनेचा त्रास गेला की शिकणंच बिघडलं? योहान्सेन, फील्ड्स आणि मॅनिंग यांनी २००१ मध्ये यावर चांगली तोड काढली होती. रोस्ट्रल एसीसीला इजा केलेल्या रॅट्समध्ये फॉर्मॅलिनमुळे येणारा जागेचा तिटकारा घटला, पण 'कॅपा' (kappa) ओपिऑइड ग्राही चालू करणाऱ्या औषधामुळे येणारा तिटकारा शाबूत राहिला. म्हणजे जागा लक्षात ठेवण्याची यंत्रणा ठीक होती. तुमच्याकडेही वेदनेशी संबंध नसलेला असा एक कंडिशनिंग गट ठेवा. तो नसेल तर शोधनिबंधाचे परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

दुसरी वाट म्हणजे सीएनओलाच कंडिशनिंगचं औषध करायचं, क्लोनिडीन नकोच. एसीसी शांत झाल्याने त्रास कमी होत असेल तर सीएनओचा कप्पा एसएनआयला आवडेल, शॅमला नाही. अंमल लांबतो म्हणून सलाइन आणि सीएनओ वेगवेगळ्या दिवशी ठेवा, आणि सीएनओ कप्प्यात टाकण्याच्या किती आधी द्यायचं ते पायलटमध्ये ठरवा. वर सांगितलेली वेळेची अडचण इथेही आहेच.

व्हायरस टोचताना: एसीसी मधल्या रेषेला चिकटून आहे आणि नेमकी तिच्यावर मोठी शीर आहे. सुई तिरकी घाला. एका बाजूला २०० ते ३०० नॅनोलीटर, मिनिटाला ५० ते १००, आणि नंतर सुई १० मिनिटं तिथेच. व्हायरस शेजारच्या मोटर कॉर्टेक्समध्ये पसरला तर उंदराचं फिरणं बदलतं आणि सीपीपीचे आकडे फसवतात. प्रत्येक मेंदूचे काप पाहून, गट माहीत नसताना, कोण राहणार कोण जाणार ते ठरवा.

रानवारा

सीएनओने थ्रेशोल्ड बदलला नाही याने निराश होऊ नका. प्रश्न जिथे आहे तिथेच असल्याची ती खूण आहे. बार्थास आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या कामात एसीसीला इजा केल्यावर नसेच्या इजेनंतरचं चिंता-नैराश्यासारखं वागणं आलं नाही, स्पर्शाची अतिसंवेदना मात्र राहिली. पोस्टीरियर इन्सुला या मेंदूच्या दुसऱ्या भागाला इजा केल्यावर अतिसंवेदना घटली. पंजा मागे घेणं हे जास्त करून मज्जारज्जूचं काम आहे, त्यातून त्रास किती ते कळत नाही.

वेळ मात्र सांभाळा. सतत दुखण्याचा तिटकारा आणि मनःस्थितीतला बदल या एकच गोष्टी नाहीत. याल्चीन यांच्या २०११ च्या कफ मॉडेलमध्ये (नसेभोवती छोटी नळी बसवून केलेली इजा) चिंतेसारखं वागणं इजेनंतर साधारण चौथ्या आठवड्यापासून आणि नैराश्यासारखं ६ ते ८ आठवड्यांनी आलं. दुसऱ्या आठवड्यात एलिव्हेटेड प्लस मेझ (चिंता मोजण्याची चाचणी) लावून 'भावनेवर परिणाम नाही' असं लिहू नये.

व्हॉन फ्राय पंजाच्या बाहेरच्या कडेला, सुरल नसेच्या पट्ट्यात करा. मधोमध टोचलं तर कापलेल्या टिबियल नसेमुळे पंजा बधिर असतो आणि आकडे उलटे येतात. नायलॉनचे फिलामेंट दमट हवेत मऊ पडतात. अधूनमधून तराजूवर दाबून तपासा. सीपीपी आणि व्हॉन फ्राय एका दिवशी नकोत.

उंदीर शेपटीने उचलू नका, नळीतून किंवा ओंजळीत घ्या. शेपटीने उचललेले जास्त घाबरट वागतात. सॉर्ज यांच्या २०१४ च्या कामानुसार पुरुष प्रयोगकर्त्याच्या वासानेही प्राण्यांचा ताण वाढून वेदना दबते, तेव्हा सगळ्या गटांच्या चाचण्या एकाच व्यक्तीने कराव्यात. आणि फक्त नर का? सॉर्ज आणि सहकाऱ्यांनीच २०१५ मध्ये दाखवलं की नसेच्या इजेनंतरची अतिसंवेदना नरांमध्ये मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लियावर (चेतासंस्थेतल्या रोगप्रतिकारक पेशी) टिकते, माद्यांमध्ये तसं नाही. माद्या हव्यातच.

सायनॅप्स

माद्या घेतो. शेवटचा प्रश्न विश्लेषणाचा: कंट्रोल व्हायरसच्या एसएनआयमध्ये फरक लक्षणीय आणि एचएम४डीआयच्या एसएनआयमध्ये नाही, एवढं आलं की पुरे ना?

चेतातंतू

नाही पुरे. एकीकडे पी ०.०४ आणि दुसरीकडे ०.०७ आलं, तरी ते दोन गट एकमेकांपेक्षा वेगळे ठरत नाहीत. प्रत्येक उंदराचा गुण काढा: औषधाच्या कप्प्यात चाचणीच्या दिवशीची सेकंदं वजा आधीची सेकंदं. मग शस्त्रक्रिया आणि व्हायरस यांची परस्परक्रिया (व्हायरसमुळे पडणारा फरक एसएनआय आणि शॅममध्ये वेगळा आहे का) तपासा, तुमचा दावा त्या पदावर उभा आहे. गटाचा आकारही त्याच पदासाठी काढा. साध्या दोन गटांच्या तुलनेपेक्षा तो बराच मोठा येतो. पण आधी फक्त कंट्रोल व्हायरस, एसएनआय आणि शॅम, नव्या फरशीवर क्लोनिडीनची सीपीपी बसवा. ती बसल्याशिवाय एचएम४डीआयचे उंदीर खर्ची घालू नका.