मदत हवी आहे: फिल्डवरच्या लोकांसाठी अ‍ॅप करायचंय, नेटिव्ह, पीडब्ल्यूए की तयार प्लॅटफॉर्म?

नमस्कार मंडळी,

आमची लिफ्ट मेंटेनन्सची कंपनी आहे. माझं काम ऑपरेशन्सचं, आयटीचं नाही, पण ऑफिसात कॉम्प्युटरमधलं थोडंफार मलाच कळतं म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात पडलंय. टेक्निशियन साठ-पासष्ट, बहुतेकांकडे स्वतःचे अँड्रॉइड फोन, सुपरवायझर लोकांकडे कंपनीने दिलेले आयफोन. सध्या सगळा कारभार कागदी जॉब शीट आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. टेक्निशियन सर्व्हिस करतो, शीट भरतो, कस्टमरची सही घेतो, शीटचा फोटो ग्रुपवर टाकतो, मग ऑफिसातल्या मॅडम तो फोटो झूम करकरून एक्सेलमध्ये उतरवतात. ग्रीसचे बोटांचे ठसे पडलेल्या शीटवर पार्ट नंबरातला आकडा ३ आहे का ८ हे ओळखण्यात अर्धी दुपार जाते, आणि चुकीचा पार्ट साइटवर गेला की लिफ्ट बंदच, कस्टमरच्या शिव्या वेगळ्या.

तर अ‍ॅप करायचं ठरलंय. एक व्हेंडर म्हणतो अँड्रॉइड आणि आयफोनसाठी वेगवेगळं नेटिव्हच करा, दुसरा म्हणतो फ्लटरमध्ये एकदाच लिहू दोन्हीकडे चालेल, तिसरा म्हणतो पीडब्ल्यूए (ब्राउझरमधून चालणारं वेब अ‍ॅप) करा, इन्स्टॉलची भानगडच नको, लिंक पाठवली की झालं. आमचे अकाउंटंट म्हणतात कशाला हे सगळं, लो-कोडवर (फारसं कोड न लिहिता अ‍ॅप जुळवायचा तयार प्लॅटफॉर्म) महिनाभरात होतं. प्रत्येकाचं ऐकताना पटतं, घरी आलं की डोक्याचा भुगा. त्यात साहेबांना हजेरी, रजा, पगाराची स्लिप, जॉब शीट, स्टॉक सगळं एकाच अ‍ॅपमध्ये पाहिजे, शिवाय टेक्निशियन कुठे आहे ते दिवसभर नकाशावर दिसलं पाहिजे.

कोणी आपल्या कंपनीत असं केलंय का? सुरुवात कुठून करू? आणि लोकांच्या स्वतःच्या फोनमध्ये कंपनीचं अ‍ॅप टाकायला सांगणं कितपत बरोबर?

नेटवर्क_गायब:
टेक्नॉलॉजी नंतर बघा, आधी सांगा टेक्निशियन फॉर्म भरतो कुठे? लिफ्टच्या पिटमध्ये (खालच्या खड्ड्यात) नाहीतर बेसमेंटला, जिथे रेंजच्या नावाने बोंब. म्हणजे तुमचा पहिला प्रश्न ऑफलाइनचा आहे आणि तिन्ही व्हेंडर त्यावर "हो सर, होतं" एवढंच म्हणणार. ऑफलाइन म्हणजे नुसतं पान उघडणं नव्हे. जॉब फोनमधल्या डेटाबेसमध्ये सेव्ह व्हायला हवा, रांगेत थांबायला हवा आणि रेंज आली की आपोआप जायला हवा. प्रत्येक एंट्रीला नंबर फोननेच द्यायला हवा, नाहीतर अर्ध्यात नेट गेलं आणि अ‍ॅपने पुन्हा पाठवलं की एकाच कामाच्या दोन शीट तयार. आणि हा तळघरात असताना ऑफिसने तोच जॉब दुसऱ्याला दिला तर कोणाचं खरं धरायचं, हे कोडवाल्याने नाही, तुम्ही ठरवायचं. डेमोला व्हेंडर आला की फोन एअरप्लेन मोडवर टाका, फॉर्म भरायला लावा, अ‍ॅप बंद करून उघडायला लावा. तिथेच अर्धे गळतील.

अर्ध्यारात्रीचा_कोडर:
वरच्यांना अनुमोदन. पीडब्ल्यूए वाईट नाही, अँड्रॉइडवर क्रोममध्ये बऱ्यापैकी चालतं. गोची आयफोनवर आहे. तिथे वेब अ‍ॅपला पुश नोटिफिकेशन २०२३ मध्ये आयओएस १६.४ पासून मिळालं, तेही होम स्क्रीनवर अ‍ॅड केलेलं असेल तरच. बॅकग्राउंड सिंक सफारीत नाही, म्हणजे डेटा जायला माणसाने अ‍ॅप उघडलं पाहिजे. तुमचे आयफोनवाले सुपरवायझर आहेत, ते रिपोर्ट बघणार, त्यांचं पीडब्ल्यूएवर भागेल. टेक्निशियनला मात्र रात्री ब्रेकडाऊन कॉल आला की फोन वाजलाच पाहिजे, तिथे खरं अ‍ॅपच बरं.

दोनदा नेटिव्ह लिहिणं तुमच्या साइझला उधळपट्टी आहे. फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, व्हेंडरच्या टीमला जे नीट येतं ते घ्या, या दोघांत भांडण्यात अर्थ नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये मात्र दोन गोष्टी लिहूनच घ्या: सोर्स कोड तुमच्या ताब्यात, आणि दरवर्षी नवीन अँड्रॉइड-आयओएस आलं की अपडेट कोण करणार. झामरिनचं उदाहरण घ्या, फ्लटरसारखंच अ‍ॅप बनवायचं साधन, मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये त्याचा सपोर्ट थांबवला आणि त्यावर अ‍ॅप बांधलेल्यांना सगळं दुसरीकडे हलवायची वेळ आली.

लो-कोडबद्दल: अ‍ॅपशीट किंवा पॉवर अ‍ॅप्सवर आधी कच्चं अ‍ॅप करून बघायला काहीच हरकत नाही, उलट मी म्हणेन कराच. कुठले रकाने लागतात, कुठले कोणी भरतच नाही हे दोन-चार आठवड्यांत कळतं. फक्त बिल सहसा दर माणशी दर महिना असतं, ते सगळ्या टेक्निशियनचं धरून हिशेब करा.

एचआरवाली:
स्वतःच्या फोनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल असतं, अँड्रॉइड ५ पासून आहे, कंपनीची अ‍ॅप्स वेगळ्या कप्प्यात राहतात. माणूस सोडून गेला की कंपनी तेवढा कप्पा पुसते, त्याच्या घरच्या फोटोंना हात लागत नाही आणि ते कंपनीला दिसतही नाहीत. हे लोकांना फोन हातात घेऊन दाखवा, मेल पाठवून कोणी वाचत नाही.

आणि साहेबांचा तो दिवसभरचा नकाशा, तो विषय थंड डोक्याने काढा. अँड्रॉइड १० पासून बॅकग्राउंड लोकेशनची परवानगी वेगळी आहे आणि फोन अधूनमधून आठवणही करतो की हे अ‍ॅप तुमचं लोकेशन घेतंय. लोक एकतर परवानगी काढून टाकतील नाहीतर जुना फोन घेऊन येतील. साइटवर पोचल्यावर चेक-इन आणि निघताना चेक-आउट, एवढं लोकेशन बिलाला आणि हजेरीला पुरतं. चोवीस तास नजर ठेवायची असेल तर कंपनीने फोन द्यावेत, सरळ हिशेब.

अर्ध्यारात्रीचा_कोडर:
+१. अजून एक, एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची इन्स्टॉल फाइल) व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, कोणाकडे कुठलं व्हर्जन आहे याचा पत्ता लागत नाही. मॅनेज्ड गूगल प्लेवर (कंपन्यांसाठीचं प्ले स्टोअर) प्रायव्हेट अ‍ॅप टाकता येतं, फक्त तुमच्याच लोकांना दिसतं. आयफोनला अ‍ॅपलच्या कंपन्यांसाठीच्या पोर्टलवरून कस्टम अ‍ॅप. कोणी एंटरप्राइज सर्टिफिकेट (कंपनीतली अ‍ॅप्स अ‍ॅप स्टोअरबाहेरून वाटायचा अ‍ॅपलचा परवाना) सुचवलं तर नको म्हणा, त्याला अ‍ॅपल १०० कर्मचाऱ्यांची अट घालतं आणि लगाम अ‍ॅपलच्या हातात. जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅपलने फेसबुकचं हे सर्टिफिकेट रद्द केलं तेव्हा त्यांची आतली सगळी आयफोन अ‍ॅप्स एका झटक्यात बंद पडली होती.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठल्याच व्हेंडरने सांगितलं नव्हतं. साहेबांशी बोललो. पगाराची स्लिप, रजा वगैरे बाहेर काढलं, ते वेबवर राहील. पहिल्यांदा फक्त ब्रेकडाऊन कॉल आणि जॉब शीट, तेही एकाच टीमसाठी लो-कोडवर. पार्ट नंबर टाइप करायचाच नाही, बॉक्सवरचा बारकोड स्कॅन. नकाशावर साहेब अजून नाराज आहेत पण चेक-इनवर तयार झाले. आता एकच शंका, प्रत्येक जॉबला आधीचे-नंतरचे मिळून सात-आठ फोटो असतात आणि पोरांचे फोन आधीच गच्च भरलेले, ते कसं करायचं?

नेटवर्क_गायब:
फोटो फोनमध्येच लहान करून घ्या, मूळ साइझ कोणाला लागत नाही. आधी फॉर्मचा मजकूर जाऊ दे, फोटो मागून एकेक. फोनमधली कॉपी सर्व्हरकडून "मिळालं" असं आल्यावरच पुसायची, त्याआधी नाही. आणि स्क्रीनवर वरच "अपलोड बाकी: ५" असं ठळक दिसू दे, कारण काही फोनचं बॅटरी सेव्हर मागे चाललेलं काम गपचूप मारून टाकतं, आणि टेक्निशियनला वाटतं की सगळं गेलं. इन्स्टॉल करतानाच प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपला त्यातून सूट द्या, नंतर फोनवरून समजावत बसू नका. लो-कोडवर यातलं सगळंच जमेल असं नाही, जे अडेल ते लिहून ठेवा, पुढे व्हेंडरला तीच यादी द्यायची.