ह्यूमचं 'इम्प्रेशन': संस्कार की ठसा?

रेवाकाठ: डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञावरच्या लेखाचा अनुवाद करतेय आणि 'इम्प्रेशन'पाशी घोडं अडलंय. तव्याला बोट लागून होणारी आग हे इम्प्रेशन. तीच उद्या आठवली की 'आयडिया'. पहिलं ठसठशीत, दुसरी त्याची फिकट नक्कल. मी 'संस्कार' लिहिलं, संपादकांनी 'ठसा' केलं. मला आता दोन्ही खटकतात.

न्यायप्रिय: 'संस्काराने' अर्थ साफ उलटा होतो! न्यायदर्शनात अनुभव ओसरल्यावर मागे उरतो तो संस्कार, आणि त्यातून स्मृती. ह्यूमला ताजा अनुभव हवाय. 'प्रत्यक्ष' घ्या, म्हणजे थेट होणारं ज्ञान.

टंगळमंगळ: राग-लोभही ह्यूमच्या हिशेबात इम्प्रेशनच. 'मला रागाचं प्रत्यक्ष झालं' असं कोण बोलतं?

न्यायप्रिय: मानसप्रत्यक्ष आहे की, मनाला थेट होणारं.

टंगळमंगळ: ते पोथीत. सरळ 'इम्प्रेशन' लिहा, सगळ्यांना कळतं.

न्यायप्रिय: काय कळतं? साहेबांवर इम्प्रेशन मारतात ते?

खिळेजुळारी: वडिलांचा छापखाना होता, म्हणून 'ठशा'बद्दल बोलतो. आमच्याकडे लाकडी ठोकळाही ठसा आणि कागदावर उमटायचा तोही ठसा. म्हणजे ठसा म्हटलं की ठोकणारा आलाच. ह्यूमला नेमकं तेच नकोय. 'ट्रीटिज' या ग्रंथात (१७३९) त्याची तळटीपच आहे: जाणीव उमटते कशी याबद्दल मी बोलत नाही, नुसत्या जाणिवेबद्दल बोलतोय, आणि तिला इंग्रजीत किंवा मला माहीत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेत वेगळं नाव नाही.

रेवाकाठ: म्हणजे तोही अडकलाच होता! बरं, 'आयडिया'ला 'कल्पना' चालेल? मला तर मनातले मांडे आठवतात.

खिळेजुळारी: त्याच तळटिपेत तो आधीच्या तत्त्वज्ञावर, लॉकवर, घसरलाय. सगळ्याच जाणिवांना 'आयडिया' म्हणून लॉकने शब्द बिघडवला, मी तो मूळ अर्थाला परत नेतोय म्हणे. शब्दशुद्धीवाले तिकडेही होते.

टंगळमंगळ: लॉक म्हणजे 'मन जन्मतः कोरी पाटी'वाला ना?

न्यायप्रिय: त्याच्या निबंधात (१६८९) कोरा कागद आहे. पाटी मागाहून चिकटली.

खिळेजुळारी: पाटी कोरी असतेच कुठे? कितीही पुसा, उन्हात तिरपी धरली की कालची बाराखडी दिसते.

न्यायप्रिय: त्यालाच तर संस्कार म्हणतात!

टंगळमंगळ: आम्ही पुसून हलवत म्हणायचो, 'कावळ्या कावळ्या पाणी घाल, चिमणी चिमणी वारा घाल'.

खिळेजुळारी: आमच्याकडे आधी चिमणी.

रेवाकाठ: अहो, उद्या लेख द्यायचाय.

टंगळमंगळ: पाटी ओली केल्याशिवाय वारा कशाला? आधी कावळाच.